बिनकॉम्प्युटरची जुनी डिझेल पिकअप: निवडायची कशी?

विषय जाहीर झाला तेव्हा एकाने विचारलं, "यात व्याख्यान कसलं? गाडी तर बाजारात जाऊन बघायची असते." बरोबर आहे. पण बाजारात गेल्यावर बघायचं काय, हे माहीत नसलं तर आपण फक्त रंग बघतो, टायर बघतो आणि विकणाऱ्याचा चेहरा बघतो. आज इथे दिंडोरी, निफाड, सिन्नर, त्र्यंबककडची मंडळी बसली आहेत. टोमॅटोचे कॅरेट पिंपळगाव बसवंतला न्यायचे असतात, कांदा लासलगावला न्यायचा असतो. गाडी पहाटे तीनला रस्त्यात बसली तर त्या दिवसाचा लिलाव गेला, आणि टोमॅटो काही दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. म्हणून बरेच जण म्हणतात, "मला जुनी पिकअप पाहिजे. सेन्सर नको, कॉम्प्युटर नको. पाना घेतला की दुरुस्त झाली पाहिजे."

ही मागणी चुकीची नाही, पण अर्धवट आहे. कॉम्प्युटर नाही म्हणजे गाडी बिघडत नाही, असं नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानाने ऐकू येतो, नाकाला कळतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे फायदा कोणाला? ज्याला बघता, ऐकता येतं त्याला. ते कसं बघायचं, हे आज समजून घेऊ.

आधी इंजिन समजून घेऊ

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा आत घ्यायची, ती इतकी दाबायची की तिचा वीस-बाविसावा हिस्सा उरेल, म्हणजे ती तापून लाल व्हावी तशी गरम होते, आणि त्यात बरोबर वेळेला डिझेलचा फवारा मारायचा. डिझेल आपोआप पेटतं. सगळ्या इंजिनांत दाब एवढाच असतो असं नाही, काहींत सतरा-अठरा पटही असतो. पण तत्त्व एकच. म्हणून तीन गोष्टी जमल्या की इंजिन चालतं: दाब, फवारा आणि वेळ. कॉम्प्युटर असो वा नसो, या तीन गोष्टी लागतातच.

जुन्या गाडीत फवाऱ्याचं काम डिझेल पंप करतो. पंपात पोलादी प्लंजर असतो, तो बॅरलमध्ये इतका तंतोतंत बसतो की मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. लाइनच्या पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असतो आणि त्यावर तिरकी खाच कोरलेली असते. प्लंजर थोडा फिरवला की डिझेल कमी-जास्त होतं. हा प्लंजर फिरवतं कोण? अ‍ॅक्सिलरेटरची दोरी आणि गव्हर्नर. गव्हर्नरमध्ये फिरणारी वजनं असतात. इंजिन वेगाने फिरू लागलं की ती बाहेर फेकली जातात आणि डिझेल मागे खेचतात. म्हणजे हिशोब इथेही होतोच, पण तो वजनं आणि स्प्रिंगा करतात.

दुसरा प्रकार रोटरी पंपाचा. तो आकाराने लहान, आणि एकच पंप सगळ्या सिलिंडरना आळीपाळीने डिझेल वाटतो. त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्या कॉमन रेल इंजिनात काय बदललं? एक पंप डिझेलवर प्रचंड दाब निर्माण करतो, ते डिझेल एका जाड नळीत साठतं आणि प्रत्येक इंजेक्टर विजेवर उघडतो. कधी आणि किती उघडायचा, हे कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या इंजिनात नोझल साधारण सव्वाशे ते अडीचशे बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये हा दाब हजार-दीड हजार बारच्या वर जातो. फवारा बारीक होतो, धूर कमी होतो, ताकद वाढते, डिझेल वाचतं. हे सगळं खरं आहे. त्यामुळे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा "चांगली" असते, असं मी म्हणणार नाही. ती वेगळी आहे, आणि काही कामांना योग्य आहे.

नुसत्या सालावरून ठरवू नका

विकणारा म्हणतो, "जुनी आहे साहेब, यात काही कॉम्प्युटर-बिम्प्युटर नाही." तपासायचं कसं?

आपल्याकडे धुराचे नियम टप्प्याटप्प्याने आले. भारत स्टेज ३ हा नियम १ एप्रिल २०१० नंतर शहरांपुरता न राहता देशभर लागू होत गेला, भारत स्टेज ४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ एप्रिल २०२० पासून. मोठ्या शहरांत हे नियम आधी आले होते. ढोबळमानाने २०१० च्या आधीच्या पिकअपमध्ये मेकॅनिकल पंप सापडतो आणि २०१७ नंतरच्या बहुतेक गाड्या कॉमन रेलच्या. मधली सात वर्षं मिश्र आहेत. काहींत पंप मेकॅनिकल आहे, पण धूर पुन्हा आत फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हसाठी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवलेली आहे.

म्हणून आरसीवरचं साल बघा, पण मग बॉनेटही उघडा. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलपासून पंपापर्यंत दोरी जाते का? दोरी असेल तर पंप बहुधा मेकॅनिकल. पेडलला नुसत्या वायरी असतील तर तो कॉम्प्युटरचा. इंजेक्टरच्या डोक्यावर वायरीचा सॉकेट आहे का? असेल तर ती कॉमन रेल. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये पिवळा इंजिनाचा दिवा लागतो का? तोही बघा.

अजून एक बारकावा. गाडी बंद कशी होते? काही गाड्यांत दोरी ओढून बंद करायची सोय असते. अशी गाडी एकदा सुरू झाली की बॅटरी काढून ठेवली तरी चालते. काहींत पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असतो. त्याला एका वायरीतून करंट मिळाला नाही की गाडी जागेवर बंद. "बिनकॉम्प्युटरची" गाडी धक्का मारूनही सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा ही एक वायर किंवा तिचा फ्यूज गेलेला असतो.

आपल्या भागात काय मिळतं

बोलेरो पिकअप तुम्ही रोज बघता. तिच्या जुन्या डीआय इंजिनाच्या गाड्या, म्हणजे अडीच लिटरच्या आसपासच्या, अजून फिरतात. टाटाची २०७ डीआय आहे. त्याहून मोठी टाटा ४०७, जी १९८६ साली आली. लहान कामाला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. तो २००५ साली आला, दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा. पुण्याच्या बजाज टेम्पोने, जिचं नाव आता फोर्स मोटर्स आहे, मर्सिडीजच्या रचनेचं ओएम ६१६ इंजिन इथे बनवलं. मॅटाडोर आणि ट्रॅक्समुळे ते गावोगावी पोचलं.

कोणती घ्यावी? मी कंपनीचं नाव सांगणार नाही. त्याऐवजी एक प्रश्न सांगतो: तुमच्या गावापासून वीस किलोमीटरच्या आत कोणत्या गाडीचा मिस्त्री आहे? त्याच्याकडे रोज कोणत्या गाड्या येतात? ती घ्या. दुर्मीळ गाडी स्वस्त मिळते ती त्यामुळेच, तिचे पार्ट शोधत फिरावं लागतं.

या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. मायको सर्कल हे नाव आपण रोज घेतो. मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जी २००८ साली बॉश लिमिटेड झाली, तिचा सातपूरचा कारखाना नोझल आणि इंजेक्टर बनवण्यासाठी ओळखला जातो. महिंद्राचा गाड्यांचा कारखाना नाशकात आहे, इंजिनांचा इगतपुरीत. या कारखान्यांभोवती पंप, नोझल, इंजिन यांचं काम जाणणारी माणसं तयार झाली. पंप कॅलिब्रेट करायला मशीन लागतं, ते प्रत्येक गावात नसतं. जुन्या गाडीचं खरं हृदय हा पंप आहे, त्यामुळे तो उघडणारा जाणकार माणूस जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे.

गाडी बघायला गेल्यावर

आता मुख्य भाग. क्रमाने सांगतो.

एक, गाडी थंड असताना बघा. सकाळी जा, आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली आहे. त्याला म्हणा, "उद्या येतो." डिझेल इंजिनाची तब्येत थंड स्टार्टला कळते. दाब कमी झालेलं इंजिन गरम असताना लगेच सुरू होतं आणि थंड असताना दमवतं. हीटर प्लग असलेल्या इंजिनात आधी हीटर तपासा. हीटर गेला असेल तर तो स्वस्तातला दोष आहे. दाब गेला असेल तर मात्र इंजिन उतरवावं लागतं.

दोन, धुराचा रंग. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. थंड असताना थोडा येणारच. गरम झाल्यावरही येत राहिला तर दाब किंवा टायमिंग बघावं लागेल. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर पाणी आत जातंय, हेड गॅस्केट गेलं असणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल टपकत असेल, किंवा कोणीतरी जास्त ताकदीसाठी पंपाचा स्क्रू वाढवून ठेवला असेल. शेवटचं कारण असेल तर जपून. स्क्रू वाढवलेली गाडी चालवताना जोरदार वाटते, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण ते इंजिन जास्त तापत आलेलं असतं.

तीन, बॅक कॉम्प्रेशन. इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून त्यावर अलगद ठेवा. थोडी हवा येतेच. पण झाकण नाचायला लागलं, धुराचे लोट यायला लागले, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत.

चार, डिपस्टिक. ऑइल कमी असेल तर सगळेच बघतात. जास्त असेल तर कोणी बघत नाही. खुणेच्या वर आहे, पातळ आहे आणि त्याला डिझेलचा वास येतोय, म्हणजे पंपातून किंवा फीड पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. अशाने बेअरिंग जातात. पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं. मग चावी काढली तरी ते थांबत नाही, हवा बंद करावी लागते. एअर इनटेकवर फळी किंवा जाड पुठ्ठा दाबून धरायचा, हात नाही.

पाच, मिसिंग. इंजिन थडथडत असेल तर मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करतो. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. ही तपासणी पाच मिनिटांची आणि फुकट, हा मेकॅनिकल पंपाचा मोठा फायदा. पण हेच कॉमन रेलवर कधीही करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत घुसतं. जुन्या गाडीतही गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा.

सहा, हौदा आणि चेसिस. इंजिन पुन्हा बांधता येतं. चेसिस गेली की गाडी गेली. खाली वाका, टॉर्च घ्या. केबिनच्या मागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या वर वेल्डिंग आहे का, ठिगळ आहे का, बघा. पाटे मोजा. विकणारा अभिमानाने सांगतो, "एक्स्ट्रा पाटे टाकलेत, दोन टन आरामात ओढते." यातून तुम्ही काय ऐकायचं? ही गाडी वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा जास्त माल वाहत आली आहे. पाटे वाढवले, पण ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चेसिस तेवढीच राहिली.

सात, ब्रेक. डिझेल इंजिनात ब्रेकच्या मदतीसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंगही गेलं आणि ब्रेकची मदतही. पेडल एकदम दगडासारखं होतं. पट्टा बघा, व्हॅक्यूमचा पाइप बघा.

आठ, चढ. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर सगळ्याच चांगल्या चालतात. विकणारा तयार असेल तर थोडं वजन टाकून पेठ रोडचा सावळघाट किंवा जवळचा कोणताही घाट चढवून बघा. टेम्परेचरचा काटा, क्लच घसरतो का, गियर उडतो का, हे तिथे कळतं. उतरताना ब्रेकचंही कळतं.

पंप मारणारी भेसळ

मघाशी म्हटलं, रोटरी पंपाला डिझेलच वंगण देतं. लाइनच्या पंपातही प्लंजरला दुसरं वंगण नाही. म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की इंजिन चालत राहतं आणि पंप आतून झिजत जातो. "जुनी इंजिनं काहीही पितात" हा गैरसमज आहे. इंजिन पितं, पंपाला सोसत नाही.

भेसळ हा आपल्या जिल्ह्यात नुसता तांत्रिक विषय नाही. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. स्वस्त डिझेल कोणी देऊ केलं तर ते कुठून आलं असेल, याचा विचार करा.

पाण्याचंही तसंच. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल, अर्धी रिकामी टाकी, त्यात थंडीतल्या दवाचं पाणी. फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट अधूनमधून सैल करून पाणी काढा. मेकॅनिकल गाडीत हीच सेवा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित.

कागदपत्रं

पिवळ्या-काळ्या पाटीची मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग लागतं. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना पर्यावरण करही आहे. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या पासिंगचं शुल्क केंद्राने बरंच वाढवलं आहे, ते आरटीओत आधी विचारून घ्या आणि किमतीत धरा. ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हा पिकअपचा एक फायदा. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी नावावर करून घ्या. इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः पुसून, वाचून आरसीशी जुळवा. जुन्या गाडीत इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर नोंद नसते. पासिंगला तिथेच अडतं.

मग घ्यायची की नाही?

किलोमीटर मोजा. समजा जुनी गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि नवी १४. डिझेल ९० रुपये धरू. वर्षाला ४,००० किलोमीटर असतील तर फरक सुमारे ११४ लिटरचा, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. हंगामापुरती, जवळच्या बाजार समितीपर्यंतची गाडी असेल तर जुनी परवडते. पण वर्षाला १५,००० किलोमीटर झाले तर फरक ४२९ लिटरचा, म्हणजे साडेअडतीस हजार. त्यात रोजची धावपळ, घाट, रात्रीचा हायवे. एअरबॅग नाही, एबीएस नाही. तिथे मी जुनी घ्या म्हणणार नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

आणि धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. जुनी गाडी ठेवायची तर नोझल, पंप, एअर फिल्टर नीट ठेवणं हे पीयूसीपुरतं नाही. आपल्याच अंगणात, आपल्याच पोरांच्या समोर ती सकाळी सुरू होते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात. आणाव्यात का?*

तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या स्वस्त झाल्या. तो दहा वर्षांचा नियम महाराष्ट्राचा नाही. पण एनओसी, इथला कर, नवा नंबर, पासिंग हे सगळं धरून हिशोब करा आणि आपल्या आरटीओत आधी विचारा. शिवाय ती गाडी तुम्ही थंड स्टार्टला बघणार कशी? फोटोत धूर दिसत नाही.

*प्रश्न: पंप बांधलेला आहे असं विकणारा सांगतो. विश्वास ठेवावा का?*

बिल मागा. कोणाकडे कॅलिब्रेट केला ते विचारा आणि तिथे फोन करा. पंपाचं सील तुटलेलं आहे का, स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत का, बघा.

*प्रश्न: सगळं बघायला वेळच दिला नाही तर?*

तर दुसरी गाडी बघा. जुन्या पिकअप आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. मिस्त्रीला सोबत न्या, त्याचा अर्धा दिवस आणि त्याची मजुरी द्या. लाखभर रुपयांच्या व्यवहारात ते सगळ्यात कमी पैशाचं काम आहे.